बांधावरची बाभूळ : शेळीचा खुराक, चुलीचं जळण आणि गटाची रोपवाटिका



बाभूळ पेरून आंबे येत नाहीत, असं आपण पोरांना सांगतो. म्हणजे बाभूळ म्हटलं की काटा, असंच आपल्या डोक्यात बसलंय. पण आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पडतो. म्हैसाळ योजनेचं पाणी काही गावांना मिळालं, तिथे द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड उभी राहिली. पण ढालगाव, नागज, घाटनांद्रे या बाजूला अजूनही अनेक जणींचा संसार दोन-चार शेरडं आणि कोरडवाहू ज्वारी यांवर चालतो. तिथे उन्हाळ्यात सगळं वाळून गेल्यावर जी झाडं हिरवी राहतात, त्यात बाभूळ पहिली.

बैठकांमध्ये या झाडाबद्दल बरेच प्रश्न येतात. कोणती बाभूळ लावायची? शेंगा शेळीला चालतात का? पिकाला त्रास होतो का? बी उगवतच नाही, काय करायचं? या लेखात त्यांची उत्तरं सविस्तर देत आहे. सध्या शेंगा पिकायचे दिवस आहेत, त्यामुळे वाचून लगेच कामाला लागता येईल.

आधी ओळख पक्की करा

बाभूळ या एकाच नावाखाली आपल्याकडे तीन-चार वेगळी झाडं चालतात. चुकीची लावली तर पुढे वीस वर्षं डोक्याला ताप.

*गावठी बाभूळ* : खोड काळपट, सालीला उभ्या भेगा. काटे जोडीने, पांढरे, सरळ. फूल पिवळंधमक, गोल, गोंड्यासारखं, मंद वासाचं. शेंग राखाडी आणि मण्यांच्या माळेसारखी, म्हणजे दोन बियांच्या मध्ये दबलेली. शास्त्रीय पुस्तकात हिला पूर्वी अकेशिया निलोटिका म्हणत, आता व्हॅशेलिया निलोटिका म्हणतात. यातलं निलोटिका हे नाव नाईल नदीवरून आलंय. आफ्रिकेपासून आपल्यापर्यंतच्या कोरड्या मुलखातलं हे झाड आहे.

*रामकाठी बाभूळ* : ही गावठी बाभळीचीच एक जात. फरक फक्त आकारात. हिच्या फांद्या आडव्या पसरत नाहीत, झाडूसारख्या सरळ वर जातात. सावली कमी पडते, म्हणून शेताच्या बांधाला ही सगळ्यात चांगली.

*हिवर* : साल पांढरट-पिवळी, फुलं फिकट, फांदीच्या टोकाला घोसांनी येतात. मुरमाड, हलक्या जमिनीत बाभळीपेक्षा हिवर जास्त तग धरतो. याच्या शेंगाही शेळ्या खातात.

*वेडी किंवा विलायती बाभूळ* : काही जणी हिला चिलार म्हणतात. ही मूळची अमेरिका खंडातली, आपल्या देशात एकोणिसाव्या शतकात आणली गेली. फूल गोल नसतं, बोटासारखं लांबट तुरा असतो. शेंग पिवळट आणि चपटी-जाड, चव गोडसर. जनावरं खातात, शेणातून बी सगळीकडे पडतं आणि ओढे, गायरान, पडीक रान बघता बघता भरून जातं. तोडली की बुडख्यातून पुन्हा फुटते. जळणाला उपयोग होतो हे खरं, पण *ही मुद्दाम लावू नका.* आहे ती वापरा, पसरू देऊ नका.

याशिवाय रस्त्याकडेला आणि कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तुम्ही पाहिली असेल. पानं लांब, कोयत्यासारखी, आणि काटा अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात या कुळातल्या झाडांना वॉटल म्हणतात. तिथलं राष्ट्रीय फूलच गोल्डन वॉटल आहे, आपल्या बाभळीसारखंच पिवळ्या गोंड्याचं. यातलीच एक जात, ब्लॅक वॉटल, इंग्रजांनी निलगिरीच्या डोंगरात आणली. तिची साल कातडी कमवायला कामी येते. पण तिथल्या गवताळ डोंगरउतारांवर ती इतकी पसरली की आता आवरता येत नाही. बाहेरचं झाड वाढतंय म्हणून लावू नये, ते आपल्या मातीत कसं वागतं ते आधी बघावं. गावठी बाभूळ मात्र इथलीच आहे, आपल्या आज्या-पणज्यांपासूनची.

शेंगा : शेळीचा उन्हाळी खुराक

एप्रिल ते जून या काळात शेंगा वाळून गळतात. नेमकं याच वेळी चारा संपलेला असतो. बाभळीच्या शेंगेत साधारण १० ते १३ टक्के प्रथिनं असतात. म्हणजे झाडाखाली फुकट पडलेला हा खुराक आहे. पण देताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

बाभळीची शेंग चघळली तर तोंड तुरट होतं. हा तुरटपणा टॅनिन नावाच्या घटकाचा. थोडं टॅनिन शेळी पचवते. जास्त झालं तर तेच टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून :

१. हिरव्या, कोवळ्या शेंगा मोठ्या प्रमाणात देऊ नका. त्यात तुरटपणा जास्त. पिकून वाळलेल्या शेंगा द्या.

२. सुरुवात मूठभर शेंगांनी करा. आठवडाभरात हळूहळू वाढवा.

३. जो खुराक देता, त्यात शेंगांचा भरडा पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. बाकी मका, ज्वारीचा भरडा, पेंड, कोंडा जे घरात असेल ते. सोबत वैरण आणि भरपूर पाणी हवंच.

४. शेंगा गिरणीत भरडून किंवा उखळात कुटून द्या. बाभळीचं बी इतकं टणक असतं की अख्खी शेंग दिली तर बरंचसं बी जसंच्या तसं लेंडीतून बाहेर पडतं. बीमधलं सत्त्व वाया जातं.

५. बुरशी आलेल्या, भिजून काळ्या पडलेल्या शेंगा टाकून द्या. गाभण शेळीला आणि लहान करडांना देण्याआधी आपल्या पशुसखीला विचारा.

शेंगा गोळा केल्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळवून पोत्यात भरा. कोरड्या जागी, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस रानात चारा नसतो आणि शेरडं दावणीला असतात. तेव्हा हे पोतं कामाला येतं.

पाल्यासाठी फांद्या छाटतानाही जरा दम धरा. झाड चार-पाच वर्षांचं होईपर्यंत कोयता लावू नका. नंतरही एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त डहाळा काढू नका. शेंडा तर कधीच मारू नका. झाड बोडकं केलं की पुढच्या वर्षी शेंगाच धरत नाहीत.

लाकूड, काटा आणि साल

बाभळीचं लाकूड कठीण आणि चिवट. धक्का सोसतं, चटकन तडकत नाही. म्हणून बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव, जू, खोरं-कुदळीचे दांडे हे सगळं पूर्वापार बाभळीचं. आता ट्रॅक्टर आले तरी कुऱ्हाडीचा दांडा सुतार आजही बाभळीचाच मागतो. जळणाला तर हिच्यासारखं लाकूड नाही. निखारा बराच वेळ टिकतो, भाकरी नीट भाजते.

काट्याच्या फेसाट्या कुंपणाला लागतात. नव्या रोपाभोवती, परसातल्या भाजीभोवती, करडांच्या खोपटाभोवती. याचा पैसा कुठे लिहिला जात नाही, पण तारेचं कुंपण घालायला गेलं की किंमत कळते.

साल कातडी कमवायला वापरतात. जे टॅनिन शेळीच्या पोटात प्रथिनांना धरून ठेवतं, तेच कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं आणि कातडं कुजत नाही, टिकाऊ होतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपला सांगली जिल्हाही आहे. मात्र उभ्या झाडाची साल कधीही सोलू नका. खोडाभोवती गोल साल काढली की झाड मरतं. तोडलेल्या झाडाचीच साल काढायची.

डिंक : किती अपेक्षा ठेवायची

बाळंतिणीच्या लाडवात घालतो तो डिंक बाभळीचाही असतो, धावड्याचा आणि खैराचाही असतो. बाभळीचा डिंक मार्च ते मे या कडक उन्हात मिळतो. खोडाला किंवा फांदीला जखम झाली की तिथून रस येतो आणि वाळून त्याचा खडा होतो.

काही जणींना वाटतं, डिंकावर मोठा धंदा होईल. एका झाडाचा डिंक वर्षाला किलोच्या आतच भरतो, बहुतेक झाडांचा तर खूपच कमी. जास्त मिळावा म्हणून खोल घाव घातले तर झाड कमजोर होतं, कीड शिरते. म्हणून आपोआप आलेला डिंक वेचा. फिकट पिवळे, स्वच्छ खडे वेगळे ठेवा. काळपट, साल चिकटलेले वेगळे. सावलीत वाळवा आणि डब्यात भरा. दहा-बारा जणींनी वेचलेला डिंक गटाने एकत्र करून गावात, यात्रेत, दिवाळीच्या स्टॉलवर छोट्या पाकिटातून विकला तर वरखर्चाला चांगला हातभार लागतो. वनखात्याच्या हद्दीतल्या झाडांचा डिंक परवानगीशिवाय काढू नका.

बी तयार करायची पद्धत

आता महत्त्वाचा भाग. "बाभूळ आपोआप उगवते, पण आम्ही पेरली तर उगवत नाही," असं बऱ्याच जणी म्हणतात. त्याचं कारण बीचं कवच. ते पाणी आत जाऊ देत नाही. शेळीच्या पोटातून बी गेलं की ते कवच नरम होतं. म्हणून शेळ्या-मेंढ्या जिथे बसवतात तिथे पावसात बाभळीची रोपं आपोआप दिसतात. आपल्या भागातले धनगर बांधव रानात मेंढरं बसवतात, तेव्हा खताबरोबर बाभळीचं बीही पेरून जातात.

*पहिली पद्धत, वाड्यातलं बी :* शेळ्यांना काही दिवस अख्ख्या शेंगा द्या. सकाळी वाडा झाडताना लेंड्यांत आणि खालच्या कचऱ्यात पडलेलं बी वेचा, धुवा, सावलीत वाळवा. हे बी चांगलं उगवतं.

*दुसरी पद्धत, गरम पाणी :* भांड्यात पाणी उकळा. उकळी आली की भांडं चुलीवरून *खाली उतरवा* आणि मग बी टाका. चुलीवर ठेवून बी शिजवू नका, मरतं. त्याच पाण्यात रात्रभर, जमल्यास पूर्ण दिवस ठेवा. जे बी फुगलं ते पेरायला तयार. जे फुगलं नाही ते बाजूला काढा आणि पुन्हा एकदा हेच करा. पाण्यावर तरंगणारं बी पोकळ असतं, ते फेकून द्या.

बी निवडताना बारीक भोक असलेलं बी घेऊ नका, त्यात भुंगा शिरलेला असतो. सरळ, निरोगी, भरपूर शेंगा धरणाऱ्या झाडाचं बी घ्या. बांधाला रामकाठी हवी असेल तर रामकाठी झाडाखालचंच बी वेचा. एका किलोत साधारण सात ते दहा हजार बिया बसतात, त्यामुळे एका गटाला एक-दोन मापटी बी पुष्कळ झालं. उरलेलं बी वाळवून, राख चोळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुढच्या वर्षीपर्यंत सहज टिकतं.

लागवड : दोन वाटा

*थेट पेरणी.* ही सगळ्यात स्वस्त. जून-जुलैत चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की बांधावर ठरलेल्या जागी माती भुसभुशीत करा, एका ठिकाणी तीन-चार भिजवलेल्या बिया एक-दीड सेंटिमीटर खोल टाका. उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची काढा. बाभळीचं सोटमूळ सुरुवातीलाच खोल जातं, त्यामुळे जागेवर उगवलेलं झाड दुष्काळात जास्त टिकतं.

*पिशवीतली रोपं.* फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशव्या भरा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. पिशवी उंच घ्या, मुळाला जागा लागते. प्रत्येक पिशवीत दोन बिया. साधारण एक ते तीन आठवड्यांत उगवतात. महिन्यातून एकदा पिशव्या जागेवरून हलवा, म्हणजे मूळ खाली जमिनीत घुसत नाही. बाभळीला ऊन लागतं, त्यामुळे रोपं झाडाच्या दाट सावलीत ठेवू नका. लावणीआधी पंधरा दिवस पाणी कमी करा, रोप काटक होतं.

लावताना दीड फुटाचा खड्डा घ्या. बांधावर दोन झाडांत पंधरा फूट अंतर ठेवा. खड्ड्याच्या उताराच्या बाजूला अर्धगोल आळं करा म्हणजे पावसाचं पाणी थांबेल. पहिली दोन वर्षं तण काढा, काट्याचं कुंपण करा, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्याला एक घागर पाणी जमलं तर द्या. बाभळीचा पाला शेळीला जितका आवडतो, तितकं नवं रोप धोक्यात असतं. आपलीच शेरडं आपलं रोप खातात, म्हणून कुंपण आधी आणि रोप नंतर.

कुठे लावायची, कुठे नाही

काळी, खोल जमीन, ओढ्याचा काठ, अग्रणी नदीकाठचं रान इथे बाभूळ जोमात येते. थोडी चोपण, खारवट जमीनही तिला चालते, काही दिवस पाणी साचलं तरी सोसते. अगदी मुरमाड टेकाडावर मात्र खुरटी राहते, तिथे हिवर बघा.

बाभळीच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नत्र जमिनीत आणतात. झाडाखालची माती सुधारते. पण पसरट बाभळीच्या सावलीत आणि मुळांच्या ओढीत लगतच्या काही ओळींची ज्वारी कमी येते, हेही तितकंच खरं. म्हणून पिकाच्या बांधाला रामकाठी लावा, खालच्या फांद्या वेळेवर काढा. पसरट गावठी बाभूळ ओढ्याकडेला, पडीक तुकड्यात, वस्तीजवळ वाड्याशेजारी लावा.

द्राक्षबागेला खेटून, विजेच्या तारांखाली, पायवाटेवर लावू नका. सामाईक बांधावर लावायची असेल तर शेजारणीला आधी विचारा. रोप लावताना दोन मिनिटांचं बोलणं झालं नाही, तर दहा वर्षांनी सावलीवरून भांडण होतं. आणि जिथे मेंढरं चरतात तो गवताचा मोकळा माळ आहे तसा राहू द्या. गवत हीसुद्धा आपली संपत्ती आहे, तिथे झाडांची गर्दी केली तर गवत जातं.

झाड कुणाचं?

शेंगा गोळा करायच्या आपण, जळण वेचायचं आपण, डिंक वेचायचा आपण. पण व्यापारी दारात येतो तेव्हा बोलणी होतात घरातल्या पुरुषांशी. कोळशाच्या भट्टीला नाही तर वीटभट्टीला, बांधावरची पाच-सहा झाडं उक्ती देऊन टाकली जातात. मिळालेले पैसे महिन्यात संपतात. पुढच्या उन्हाळ्यात शेळीसाठी पेंड विकत आणावी लागते आणि जळणासाठी चार मैल चालावं लागतं. ते चालायचंही आपल्यालाच.

घरात भांडण करा असं मी म्हणत नाही. हिशेब मांडा, एवढंच सांगते. या उन्हाळ्यात आपल्या एका झाडाखालच्या शेंगा वजनकाट्यावर मोजा. किती पाट्या भरल्या, त्यामुळे किती पेंड वाचली, छाटणीतून जळणाचे किती भारे निघाले, हे सगळं वहीत लिहा. गटाचा जमाखर्च आपण पैशापैशाने लिहितो, मग झाडाचा का नको? व्यापारी आला की ती वही पुढे ठेवा. एका वर्षाची कमाई गुणिले दहा वर्षं विरुद्ध त्याचा आजचा भाव, असं मालकांसमोर मांडा. तरीही झाड विकायचंच ठरलं तर म्हातारं, वाळकं झाड आधी द्या, एकाच्या बदली चार लावा, आणि तोडण्याआधी परवानगी लागते का ते तलाठी कार्यालयात आणि वनखात्यात विचारा.

जमिनीच्या कागदावर आपलं नाव असलं की या बोलण्याला वजन येतं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा हयात असताना त्याने अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. ग्रामसंघाच्या बैठकीला तलाठ्यांना एकदा बोलवून याची माहिती सगळ्यांनी मिळून घ्या.

गटाची रोपवाटिका करायची असेल तर

बाभूळ, हिवर यांच्या रोपवाटिकेला भांडवल कमी लागतं. बी फुकट, शेणखत घरचं. खर्च पिशव्यांचा आणि पाण्याचा. पण पिशव्या भरण्याआधी *रोपं घेणार कोण हे ठरवा.* ग्रामपंचायतीची लागवड, रोजगार हमीतली बांधावरची वृक्षलागवड, सामाजिक वनीकरण विभाग, जवळची शाळा यांच्याकडे जानेवारीतच चौकशी करा, जमल्यास लेखी मागणी घ्या. पहिल्या वर्षी पाचशे पिशव्यांच्या वर जाऊ नका. त्यातली शंभर मेली असं धरूनच हिशेब करा. पाणी घालायची पाळी नावानिशी लिहून लावा, कारण रोपवाटिका बंद पडते ती पाळी चुकल्यामुळे. उन्हाळ्यात गावात टँकर सुरू होत असेल तर पिशव्यांचा नाद सोडा आणि थेट पेरणी करा.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा

- प्रत्येकीने आपल्या बांधावर कोणती बाभूळ किती आहे ते मोजून यावं. गावठी, रामकाठी, हिवर, विलायती असे चार रकाने करा.
- एका झाडाच्या शेंगांचं वजन करून वहीत लिहावं.
- चांगल्या झाडाखालचं मापटंभर बी निवडून, वाळवून आणावं. बी बैठकीतच एकत्र करू.
- गरम पाण्याची पद्धत घरी वीस बियांवर करून बघावी. किती फुगल्या, किती उगवल्या ते सांगावं.
- पशुसखीने आपल्या गटातल्या शेळ्यांना शेंगांचा भरडा किती मानवतो याची नोंद ठेवावी. शेळीपालनाबद्दल जास्त माहिती हवी असेल तर आपल्याच तालुक्यात रांजणीला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, गटाने मिळून तिथे भेट द्यायला हरकत नाही.

आकडे घेऊन या. पहिला पाऊस पडण्याआधी कोणत्या बांधावर किती झाडं, हे गावनिहाय ठरवून टाकू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक